पुंगळी काढलेली गाडी आणि कानातल्या केशपेशी

रात्रीचे साडेअकरा. जालना रोडवरची वर्दळ ओसरली आहे. सेव्हन हिल्सच्या पुलावरून एक बुलेट उतरते आणि आकाशवाणी चौकाच्या दिशेने निघते. ‘धड्-धड्-धड्’ असा आवाज लांबून जवळ येतो आणि नेमका वस्तीसमोर ‘फाट्’ असा फटाका फुटतो. पाळण्यातले तान्हे बाळ दचकते आणि रडू लागते. शेजारच्या खोलीतल्या, रक्तदाबाची गोळी घेऊन नुकत्याच झोपलेल्या आजी उठून बसतात. दहावीचा अभ्यास करणारा मुलगा खिडकी लावून घेतो. गाडी एव्हाना दोन चौक पुढे गेलेली असते. स्वार विशीतला असतो. पाठीमागे कोण जागे झाले, हे त्याला ठाऊक नसते.

हे दृश्य सिडको, टीव्ही सेंटर, उस्मानपुरा, गारखेडा अशा कुठल्याही भागातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. त्यावर चिडणारे पुष्कळ आहेत. त्या आवाजाने शरीरात नेमके काय घडते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. त्यातही एक माणूस नेहमी विसरला जातो. तो म्हणजे दिवसभर या गाड्यांचे सायलेन्सर बदलणारा, ते चालू करून ‘आवाज बसला का’ हे कान देऊन ऐकणारा गॅरेजमधला पोरगा.

सायलेन्सर नेमके काय करतो?

इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटते, पिस्टन खाली ढकलला जातो आणि मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट असतो. तो वायू झटक्याने बाहेर पडतो आणि दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. आपल्याला ऐकू येणारा आवाज म्हणजे ही लाट.

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एका सिलिंडरमध्ये एक स्फोट होतो. बुलेटला एकच सिलिंडर असते. इंजिन मिनिटाला सुमारे १००० फेऱ्यांवर नुसते चालू असेल, तर सेकंदाला आठ स्फोट होतात. हे आठ ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात, म्हणून ती ‘धड्-धड्’. फेऱ्या ३००० झाल्या की सेकंदाला २५ स्फोट होतात आणि ठोके एकमेकांत मिसळून घरघर सुरू होते. आठ सिलिंडरची स्पोर्ट्स कार ६००० फेऱ्यांवर गेली की हाच आकडा सेकंदाला ४०० होतो. मग ठोका उरत नाही, सूर लागतो. महागड्या गाड्यांच्या शौकिनांना मोह पडतो तो या सुराचा. बुलेटवाल्याला ठोका हवा असतो, कारवाल्याला सूर. दोघांची मागणी एकच असते, आवाज मोठा पाहिजे.

सायलेन्सर या लाटेला दोन प्रकारे शांत करतो. त्याच्या पोटात लहान-मोठे कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना आपटते, परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेशी भिडते. एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र आला की दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींना संपवतात. काही सायलेन्सरमध्ये नळीभोवती काचेची लोकर, म्हणजे ग्लासवूल भरलेली असते. तिच्यात घुसलेल्या आवाजाची ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलते.

‘पुंगळी काढणे’ म्हणजे आतली ही सगळी यंत्रणा काढून नुसती पोकळ नळी ठेवणे. बाजारात ‘इंदोरी फटाका’, ‘पंजाब’, ‘डॉल्फिन’ अशा नावांनी तयार सायलेन्सरही मिळतात. काहींच्या तोंडाशी ‘डीबी किलर’ नावाचा छोटा तुकडा असतो. पोलिसांची मोहीम सुरू झाली की तो बसवायचा, संपली की काढायचा. फटाक्याची युक्ती वेगळी आहे. चालत्या गाडीत किल स्विचने ठिणगी क्षणभर बंद करायची. न जळलेले पेट्रोल तसेच गरम नळीत जाते. स्विच पुन्हा चालू केला की ते नळीतच पेटते.

पोकळ नळीने गाडी जास्त ‘पळते’ हा समज पक्का आहे. शर्यतीच्या गाड्यांमध्ये मोकळ्या एक्झॉस्टचा उपयोग होतो हे खरे. मात्र तिथे इंधनाचे प्रमाण, व्हॉल्व्हची वेळ आणि नळीची लांबी हे सारे एकत्र जुळवलेले असते. नुसता सायलेन्सर पोकळ केल्याने रस्त्यावरच्या गाडीला फारसे काही मिळत नाही. कमी फेऱ्यांवरची ओढ उलट घटू शकते. वाढतो तो आवाज, आणि आवाज वाढला की वेग वाढल्यासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘बीएस-६’ मानक लागू झाले. या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनाचे रूपांतर कमी घातक वायूंमध्ये होते. अख्खी नळी बदलताना अनेकदा हा भागही निघतो. फटाके फोडत राहिल्यास तो आतून वितळू शकतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अशी गाडी बंद शटरच्या गॅरेजमध्ये चालू ठेवणे म्हणजे कानासोबत फुप्फुसांनाही पणाला लावणे.

डेसिबलचा फसवा हिशेब

डेसिबल हे माप मीटर-किलोसारखे सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे ८० वरून १०० वर गेल्यास ऊर्जा शंभरपट होते आणि माणसाला वाटते की आवाज चौपट वाढला. कानातल्या पेशींना मार बसतो तो ऊर्जेचा. आपल्याला जेवढे वाटते त्याहून खरे नुकसान जास्त का असते, त्याचे उत्तर इथे आहे.

आपल्या देशात १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलसाठी, कारखान्यातून बाहेर पडतानाची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. गाडी वेग वाढवत जात असताना साडेसात मीटर अंतरावरून हे मोजमाप घेतात. पुंगळी काढल्यावर तोच आवाज ९५ डेसिबलवर गेला असे धरले, तर फरक नुसता १५ चा दिसतो. ऊर्जेच्या हिशेबात तो सुमारे तीसपट आहे. म्हणजे एक गाडी गेली, तरी तीस नव्या बुलेट एकत्र गेल्याइतकी ऊर्जा रस्त्यावर सांडते.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साडेसात मीटरवर ९५ असेल, तर १५ मीटरवर ८९ आणि ३० मीटरवर ८३. उघड्या खिडकीतून घरात येताना आणखी दहा-पंधरा कमी होतात. रस्त्यालगतच्या घरात तरीही पंचाहत्तरच्या पुढे आवाज पोहोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ही मर्यादा सरासरी आवाजाची आहे आणि जाणारी गाडी क्षणाची आहे, हा फरक मान्य करावाच लागेल. पण झोपलेला मेंदू सरासरी काढत बसत नाही. तो प्रत्येक दणक्याला उत्तर देतो. शिवाय जुन्या शहरात दरवाजांच्या कमानीखाली, अरुंद गल्ल्यांत, उंच इमारतींच्या मधल्या बोळात किंवा पुलाखाली आवाज भिंतींवर आपटून परत येतो. तिथे वरचे अंतराचे गणित लागू पडत नाही, आवाज हवा तेवढा उतरतच नाही.

आता हेच गणित उलट दिशेने केले पाहिजे. साडेसात मीटरवर ९५ असलेला आवाज नळीपासून एक मीटरवर बसलेल्या माणसासाठी ११० च्या पुढे जातो. तिथे गॅरेजमधला मेकॅनिक उकिडवा बसलेला असतो.

कानात काय होते?

आवाजाची लाट कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागच्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांतून ती कर्णावर्तात जाते. कर्णावर्त म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी. तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केशपेशी असतात. त्यांच्या टोकाला सूक्ष्म तंतूंचे झुपके असतात. द्रव हलला की झुपके वाकतात आणि मेंदूकडे विद्युत संदेश जातो. आपले सगळे ऐकणे, आईची हाक, पाखरांचा आवाज, फोनची रिंग, या पंधरा हजार पेशींवर उभे आहे.

शेतातून माणसे रोज चालत गेली की पायवाटेवरचे गवत आडवे होते. एखाद्या दिवसाच्या तुडवणुकीने ते रात्रीतून पुन्हा उभे राहते. रोज तुडवले की एक दिवस तिथे गवतच उरत नाही. केशपेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर कान ‘सुन्न’ होतात, दडे बसतात, बारीक शिट्टी वाजते आणि काही तासांत सारे पूर्ववत होते. माणसाला वाटते, झाले, संपले. वारंवार असे घडले की पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. गेलेल्या केशपेशी परत आणणारे औषध आज कोणत्याही रुग्णालयात उपलब्ध नाही.

त्यातही एक कपट आहे. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरचे काम प्रसिद्ध केले. मोठ्या आवाजानंतर उंदरांची श्रवणक्षमता तपासणीत पूर्ववत झालेली दिसली. केशपेशीही शाबूत होत्या. मात्र त्या पेशींना मज्जातंतूंशी जोडणारे अनेक सांधे कायमचे तुटलेले होते. नेहमीची तपासणी ‘नॉर्मल’ येऊनही गोंगाटात बोलणे कळत नाही असे सांगणारी माणसे असतात. त्याचे एक संभाव्य कारण या संशोधनातून पुढे आले.

कानाला स्वतःचे थोडे संरक्षण आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि रिकिबीची हालचाल कमी करतो. पण त्याला सेकंदाचा काही अंश वेळ लागतो. फटाका सायलेन्सरचा ‘फाट्’ त्याआधीच आत शिरलेला असतो. सलग गोंगाटापेक्षा अचानक फुटणारा आवाज जास्त घातक ठरतो तो त्यामुळे.

गॅरेजमधला पोरगा

तांब्याची भांडी दिवसभर ठोकणाऱ्या कारागिरांना बहिरेपण येते, हे इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या आजारांवरच्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लिहून ठेवले होते. आपल्याकडच्या तांबट आळीत वाढलेल्या कुणालाही ते नव्याने सांगावे लागणार नाही. तीनशे वर्षांत हत्यारे बदलली. कान तोच राहिला.

छत्रपती संभाजीनगर हे गाड्या घडवणारे शहर आहे. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी तयार होत आल्या. त्यांना सुटे भाग पुरवणारे कितीतरी उद्योग उभे राहिले. मोठ्या कारखान्यात गोंगाटाच्या विभागावर पाटी असते, कानात घालायला बोळे मिळतात, कामगारांची वेळोवेळी तपासणी होते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, नोंद करणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, आवाजामुळे येणारे बहिरेपण घातले गेले.

या शहरातल्या कारखान्यांतून मर्यादेत बसणाऱ्या आवाजाची गाडी बाहेर पडते. पुढे कुठल्यातरी गल्लीतल्या गॅरेजमध्ये गाड्यांचा आवाज मोकळा केला जातो. त्या गॅरेजमध्ये चार माणसे असतात. एवढ्या लहान जागेला कारखान्याचे नियम लागत नाहीत, पाटी नसते, बोळे नसतात, तपासणी नसते. सोळा-सतरा वर्षांचा शिकाऊ मुलगा नळीच्या तोंडाशी बसून ॲक्सिलेटर पिळायला सांगतो आणि आवाज पारखतो.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करता येते. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटे. ११२ ला ती एका मिनिटाच्याही आत येते. दिवसभरात चार गाड्या तपासल्या, प्रत्येकी दोन मिनिटे, की त्या मुलाचा आठवड्याचा वाटा संपलेला असतो.

त्याला पहिल्या वर्षी काहीच कळत नाही. आवाजाचा पहिला घाव बहुतेकदा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या ध्वनींवर पडतो. श्रवणचाचणीच्या आलेखात तिथे एक खड्डा दिसतो. रोजच्या बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, खालच्या पट्टीत असतात. ते नीट ऐकू येतात. हळूहळू स, श, त, फ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, ‘पाच’ आणि ‘पास’ यातला फरक कळत नाही. गिऱ्हाईक काय म्हणाले ते दोनदा विचारावे लागते. मित्र चेष्टा करतात. घरचे म्हणतात, ‘मोबाइलमध्ये डोके असते, लक्षच देत नाही.’ डॉक्टरकडे तो येतो तेव्हा तक्रार बहुधा बहिरेपणाची नसते. तो म्हणतो, ‘कानात रात्री शिट्टी वाजते, झोप लागत नाही.’ तोवर खड्डा रुंद झालेला असतो.

स्वारही सुरक्षित नसतो. हेल्मेटच्या कडेने घुसणाऱ्या वाऱ्याचाच आवाज महामार्गाच्या वेगाला ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्यात मोकळ्या नळीची भर पडते. सोलापूर-धुळे महामार्गाच्या वाटेने लांबची सफर करून आलेल्यांना रात्री कान भरल्यासारखे वाटते, त्याचा अर्थ हाच. म्हणून हेल्मेट सोडू नये. हेल्मेटखाली कानात बोळे घालावेत.

घरात झोपलेली माणसे

आवाज कानात शिरतो, पण त्याचे परिणाम कानापुरते राहत नाहीत. अचानक आवाज आला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो. वाघ दिसल्यावर पळण्यासाठी निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. झोपेत माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी ती चालू होते. ‘आता सवय झाली’ असे म्हणणाऱ्याला सकाळी काही आठवत नसले, तरी त्याच्या हृदयाच्या ठोक्यांत रात्रीची नोंद सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज दिवसभराच्या सरासरीत ५३ आणि रात्री ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा, अशी शिफारस त्यात आहे. त्यासाठी अभ्यासलेल्या संशोधनात, वाहतुकीच्या सरासरी आवाजात दर १० डेसिबल वाढीमागे हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. एकट्याच्या बाबतीत ८ टक्के किरकोळ वाटतात. लाखो लोकसंख्येच्या शहरात ते किरकोळ नसतात. अर्थात हा आकडा एकूण वाहतुकीच्या आवाजाचा आहे. एका बुलेटने कुणाला हृदयविकार होतो असा त्याचा अर्थ नव्हे. पण रात्रीची शांतता फोडण्यात अशा मोजक्या गाड्यांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा असतो. पॅरिस परिसरातील आवाजाची नोंद ठेवणाऱ्या ‘ब्रुइपारिफ’ या संस्थेचा अंदाज आहे, की सायलेन्सर बदललेली एक दुचाकी रात्री शहर ओलांडून गेली, तर १० हजारांपर्यंत माणसे जागी होऊ शकतात.

मुलांचे काय होते, याचा दाखला जर्मनीतून मिळतो. १९९२ मध्ये म्युनिक शहराचा जुना विमानतळ बंद होऊन दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांना आधी आणि नंतर तपासले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे सुधारले. म्हणजे गोंगाट शिकण्यात अडथळा आणतो, आणि गोंगाट थांबला तर मुले सावरतात. या दुसऱ्या भागातच दिलासा आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आपल्याकडे आहे. तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. घाटी रुग्णालय असो वा जालना रोडवरचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ, बाहेरचा रस्ता सगळ्यांचा असतो. खिडकीच्या आत मात्र कुणीतरी सलाइन लावून पडलेले असते.

मग हौस का?

हा प्रश्न तुच्छतेने विचारला तर उत्तर मिळत नाही. ठोकेबाज आवाज अंगात घुमतो, छातीला जाणवतो. यंत्र आपल्या हातात आहे, त्याची ताकद आपली आहे, असे वाटते. गर्दीत कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या तरुणाकडे चौकातली सगळी तोंडे वळतात. हार्ले-डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजालाच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्याचा अर्ज अमेरिकेत केला होता. पुढे २००० मध्ये तो मागे घेतला. आवाज हा ओळखीचा भाग आहे, हे कंपन्यांनाही ठाऊक आहे.

कॅनडातील वेस्टर्न विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युली एटकेन शेर्मर यांनी २०२३ मध्ये ५२९ विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या आवाजाची गाडी हवीशी वाटणे हे पुरुषांत जास्त आढळले. इतरांना त्रास देण्यात आनंद मानणे आणि इतरांच्या भावनांची फिकीर नसणे या गुणांचे गुण जास्त मिळवणाऱ्यांतही ते जास्त होते. ही पाहणी एका देशातल्या एका विद्यापीठातली आहे आणि प्रश्नावलीवर आधारलेली आहे. तिच्यावरून प्रत्येक बुलेटस्वारावर शिक्का मारणे चूक ठरेल. बहुतेकांच्या बाबतीत दोष क्रौर्याचा नसून विचारच न करण्याचा असतो. विचार न करणे सुधारता येते.

‘मोठा आवाज असला की समोरचा सावध होतो, अपघात टळतो’ हेही ऐकू येते. नळीचे तोंड मागे असते, आवाजाचा जोर मागे जातो. समोरच्या मोटारीच्या काचा बंद असतात, आत एसी आणि गाणी चालू असतात. खालच्या पट्टीच्या घरघरीवरून गाडी नेमकी कुठे आहे, हे ओळखणेही कानाला अवघड जाते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी मोटारसायकल अपघातांचा जो अभ्यास १९८१ मध्ये सादर केला, त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका समोरच्या बाजूने आलेला होता. हेल्मेट, चालू दिवा, ठळक कपडे आणि मर्यादित वेग यांनी जीव वाचतो. मागच्या बाजूच्या गोंगाटाने वाचत नाही.

कायदा आणि उपाय

प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० सांगतो. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तीन महिने परवानाही जातो. गाडीत परवानगीशिवाय बदल केल्याची शिक्षा वेगळी आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवले. त्याची छायाचित्रे छापून येतात, लोक टाळ्या वाजवतात. महिनाभराने नवी नळी बसते. दंडासोबत मुलाशी आणि गॅरेजवाल्याशी बोलणे झाले नाही, तर हे चक्र थांबत नाही.

घरी करण्यासारख्या काही गोष्टी आहेत. मुलाने गाडीचा सायलेन्सर बदलला असेल, तर पालकांनी एकदा रात्री त्याला घराच्या खिडकीत उभे करावे आणि त्याचीच गाडी दुसऱ्या कुणाला समोरून न्यायला सांगावी. उपदेशापेक्षा हे लवकर समजते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी कानात फोमचे बोळे घालावेत. ते नीट बसवले तर आवाज १५ ते ३० डेसिबलने उतरतो. कापूस कोंबल्याने फारसे काही होत नाही. गाडी तपासताना नळीपासून दूर, शक्यतो मोकळ्या जागेत उभे राहावे. वर्षातून एकदा श्रवणचाचणी करावी. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ती होते.

मोठ्या दणक्यानंतर कानात शिट्टी वाजत असेल, तर एक-दोन दिवस गोंगाट आणि इअरफोन टाळावेत. शिट्टी त्यानंतरही राहिली, कानात दुखले, रक्त किंवा पाणी आले, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर थांबू नये. अचानक आलेल्या बहिरेपणात पहिले काही दिवस मोलाचे असतात. या काळात सुरू केलेल्या स्टिरॉइड औषधांनी काहींचे ऐकणे परत येते. ‘मळ असेल’ म्हणून गरम तेल ओतत आठवडा घालवला, तर ती संधी हातची जाते.

जुना सायलेन्सर परत बसवायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाने गल्लीतली रात्र परत मिळते, आजींची झोप परत मिळते, मुलांचा अभ्यास परत मिळतो. गॅरेजमधल्या पोराच्या श्रवणआलेखावर ४००० हर्ट्झपाशी पडलेला खड्डा मात्र भरून येत नाही. तो पडण्याआधीच थांबवावा लागतो.